गोळी आणि गोल्ड

अठराव्या दिवशी सकाळी शहादेवानं कोंबडीची शिट उचलून तळहातावर घेतली आणि अंगठ्यानं चोळून पाहिली. चांगली शिट चोळली की मोकळी होते, वर पांढरी टोपी असते. ही पसरली. पाण्यात कालवलेल्या बेसनासारखी पसरली आणि तिच्यातून मक्याचे कण गिळले तसेच्या तसे बाहेर आले. त्यानं हात तुसाला पुसला, दोन पावलं पुढं सरकून दुसरी उचलली. तीही तशीच.

"कितीबी चोळा, त्यातून भविष्य न्हाई निघायचं," सिंधू पलीकडून म्हणाली. ती वाकून खुरप्यानं तुसाची ढेपळं फोडत होती. भाताचं तूस कोरडं असलं तर पायाखाली कुरकुरतं. हे चिखलासारखं चिकटत होतं, आणि खुरपं लागलं की खालून असा वास उठायचा, की डोळ्यांतून पाणी आपोआप वाहायचं. तोंडाला बांधलेला पदर तिनं खाली ओढला, मोकळा श्वास घेतला आणि परत वर केला.

"पचन बसंना यांचं," शहादेव म्हणाला. "खातेत आन सोडून देतेत."

"मंग वाढतेन कशाला? आपण तरी वाढलो असतो का?"

शेडमध्ये तीन हजार कोंबड्या होत्या. कंपनी त्यांना पक्षी म्हणायची. पक्षी कंपनीचे, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड शहादेवाचं, पाणी शहादेवाचं, अंगमेहनत नवराबायकोची, आणि चूक झाली तर ती कुणाची यावर करारात वेगळं कलम लागलं नव्हतं.

आधीच्या दोन बॅचा हलक्या गेल्या होत्या. या तिसऱ्या बॅचला पक्ष्यांचं सरासरी वजन दोन किलोच्या आत राहिलं, तर शेड यादीतून कमी होणार होतं. यादीतून कमी झालं की पिल्लं बंद, आणि पिल्लं बंद झाली की दसऱ्यानंतर कोयता. शहादेवानं कोयत्यावर सोळा हंगाम काढले होते. त्याचं काही नव्हतं, अजून चार काढले असते. पण ऊसतोडीला एकटा माणूस घेत नाहीत, जोडी घेतात. सिंधूची गर्भपिशवी काढून चार वर्षं झाली होती, आणि डॉक्टरीणबाईनं डोक्यावर वजन घ्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. शेवटच्या हंगामात मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती मधेच थांबली, तशीच उभी राहिली, आणि खाली उतरल्यावर दोन दिवस कुणाशी बोलली नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शहादेवानं शेड उभं केलं.

मुकादम भागवत चार दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. त्यानं गाडी बंदसुद्धा केली नव्हती.

"शहादेवा, जोडी धरू का तुमची?"

"बॅच जाऊ द्या, सांगतो."

"दसऱ्याच्या आदुगर सांग. मागून आलास तर मंग माझ्याकडं जागा न्हाई, आन कोंबड्याबी न्हाईत."

तो हसत गेला.

*

कंपनीचा सुपरवायझर प्रविण एकोणिसाव्या दिवशी आला. वय चोवीस. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून तो आत शिरला, दारातल्याच वीस कोंबड्या क्रेटमध्ये भरायला लावल्या आणि काट्याला टांगल्या.

"पाचशे वीस ग्रॅम. शहादेव, साडेसहाशे पाहिजे होते. तू करतोस काय इथं?"

"साहेब, शिट पातळ व्हायली. मी फोनवर सांगितलंतं तुमाला."

"मॅनेजमेंट कमी पडतंय तुझं."

हा शब्द प्रविणला फार उपयोगी पडायचा. पाऊस आला तरी मॅनेजमेंट कमी पडायचं आणि ऊन पडलं तरी तेच.

सिंधू चहा घेऊन आली. प्रविणनं दोन्ही हात मागं घेतले. "नको नको. बायोसेक्युरिटी. एका शेडवर खाल्लं-प्यायलं की रोग दुसऱ्या शेडवर जातो."

सिंधू कप घेऊन तशीच परतली. अर्ध्या किलोमीटरवर सरपंचाच्या सख्ख्या भावाचं, आसारामचं, पाच हजारांचं शेड होतं. तिथं सकाळीच बायोसेक्युरिटीनं पोहे खाऊन चहा घेतला होता, हे तिनं हापश्यावर ऐकलं होतं. चहा शहादेवानं प्यायला. थंड होऊ दिला नाही.

प्रविणनं बॅगेतून चांदीच्या रंगाचं पाकीट काढलं. वर सोनेरी अक्षरांत 'आंत्रमित्र गोल्ड', आणि एक कोंबडा दंडाचे स्नायू दाखवत उभा.

"हे घे. एक झाकण पावडर, टाकीच्या पाण्यात, रोज सकाळी. यात जंतू असतात. जिवंत. चांगले जंतू. आतड्यात जाऊन बसतात, वाईट जंतूंना हाकलून देतात, खाल्लेलं अंगी लागतं. आपल्या दह्यात असतात ना, तसलेच."

"जंतू?" सिंधू दारातून म्हणाली. "आवो साहेब, तीन बॅचा झाल्या, तुमी आमाला जंतू मारायला लावायलेत. चुना मारा, फवारा मारा, दारात औषधाच्या पाण्यात पाय बुडवा. आन आता जंतू पाजायचे?"

"चांगले, मावशी. चांगले."

"मंग ते वळखायचे कसे? त्यांच्या अंगावर लिवलेलं असतंय का?"

"सिंधू," शहादेव म्हणाला.

"नुसतं विचारलं."

प्रविणनं मोबाइल काढून शहादेवाला ॲपमधली नवी ओळ दाखवली. टाकीत पाणी शुद्ध करायची गोळी टाकल्याचा फोटो रोज सहाला पाठवायचा, तो नियम जुनाच होता. आता साडेसहाला गोल्ड टाकल्याचा दुसरा फोटो. फोटो गेला की हिरवी खूण, नाही गेला की लाल. तीन लाल खुणा झाल्या की शेड आपोआप लाल यादीत. "मग माझ्या हातात काही नाही," प्रविण म्हणाला. तो असं म्हणायचा तेव्हा त्याच्या तोंडावर समाधान दिसायचं.

शहादेवानं आजवर एकही लाल खूण येऊ दिली नव्हती. ताप असतानाही सहाच्या ठोक्याला तो शिडीवर असायचा. त्याला पक्कं माहीत होतं, की आसारामची लाल खूण ही लाल खूणच असते, पण त्याची स्वतःची लाल खूण म्हणजे 'या लोकांना दिलं की असंच होतं' हे सांगायला मिळालेलं निमित्त. म्हणून तो कंपनीपेक्षा जास्त कंपनीचं ऐकायचा.

*

आठ दिवस त्यानं सहाला गोळी टाकली आणि साडेसहाला गोल्ड. झाकण काठोकाठ भरून, वर बोट फिरवून सपाट करून. दोन्ही फोटो. सोळा हिरव्या खुणा.

कोंबड्यांनी मात्र ॲप पाहिलेलं नव्हतं. शिट पातळ ती पातळच. कुणी मोठी, कुणी मुठीएवढी. थोरली धाकटीला भांड्यापासून ढकलायची आणि धाकटी ओल्या तुसात पोट टेकून बसून राहायची. पोटाखालची पिसं गळून तिथं लाल चट्टे पडले. सिंधू रोज दोन पाट्या ओलं तूस भरून ठेवायची, शहादेव ते बाहेर टाकून कोरडं पसरायचा, संध्याकाळपर्यंत ते परत ओलं. पाटी उचलायला तिला तो देत नव्हता. ती फरफटत दारापर्यंत आणायची आणि म्हणायची, "उचलली थोडीच? वढली." रोज सकाळी आठ-दहा कोंबड्या पाय वर करून पडलेल्या सापडायच्या. शहादेव खड्ड्यात चुना टाकून त्यांना पुरायचा. फावडं मारता मारता एकदा तो मोठ्यानं म्हणाला, "आरं, खाऊन तरी मरायचं!" मग त्यालाच कळलं, की खाऊनच मरत होत्या.

सव्विसाव्या दिवशी आसाराम आला. तो बाहेरच, बांधावर उभा राहिला. तो आत कधी येत नसे.

"शहाद्या, वास पार माझ्या शेडपर्यंत यायलाय बे. काय पाजतोस त्यांला?"

"कंपनी देती तेच, आसारामदादा. गोळी आन गोल्ड."

"गोल्ड लई भारी हाय. माझे पक्षी बघ येऊन, ढोलावानी झालेत."

"तुमच्या पक्ष्यांला लागू व्हायलंय, आन आमच्या न्हाई. एकच पावडर हाय ना?"

"हात लागतो ना माणसाचा," आसाराम म्हणाला, आणि सुपारी चघळत गेला.

सिंधूनं हे आतून ऐकलं. मग टाकीच्या नळाखाली तांब्या धरला, भरला आणि घरात घेऊन गेली.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी तिनं त्याला हाक मारली. चुलीजवळ दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. वर बशा झाकलेल्या.

"उघडा."

त्यानं पहिली उघडली. दही. खपलीसारखं घट्ट. वाटी तिरपी केली तरी जागचं हललं नाही.

"आता ती."

दुसरीत दूध होतं. वाटी कलली तशी दुधाची साय काठाला लागली.

"हे काय?"

"इरजण लावलं. दोन्हीत एकच दूध, येकाच पातेल्यातलं. ह्या वाटीत गोल्डची चिमूट हापश्याच्या पाण्यात कालवून घातली. आन त्या वाटीत आपल्या टाकीचं पाणी, तुमी गोळी टाकून वर गोल्ड टाकलेलं. साहेब म्हणले का न्हाई, दह्यातलेच जंतू हायेत म्हणून? म्हणलं बघावं तरी, जिते हायेत का मेले." तिनं दुधाची वाटी त्याच्या हातातून घेतली. "आवो, गोळी कशाची हाय? जंतू मारायची. आन अर्ध्या घंट्यानं त्याच पाण्यात तुमी जिते जंतू सोडायलेत. आठ दिस झाले, आपण कोंबड्यांना मढी पाजायलोत."

शहादेव खाली बसला. मग उठला, पुन्हा दोन्ही वाट्या तिरप्या करून पाहिल्या. त्याला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. सोळा हिरव्या खुणा त्याच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या.

"आदुगर कावून न्हाई सांगितलं?"

"आदुगर कळलं कुठं? आन कळलं असतं तरी तुमी ऐकलं असतं का? तुमाला खूण हिरवी पाहिजे."

तो दही घेऊन बाहेर आला आणि उभ्या उभ्याच खाल्लं. दही चांगलं लागलं होतं.

*

प्रविण दुसऱ्या दिवशी आला तेव्हा सिंधूनं वाट्या तशाच राखून ठेवल्या होत्या. एक रिकामी होती, तिचा हिशेब शहादेवानं तोंडी दिला.

"हे किचनमधले प्रयोग मला दाखवू नकोस," प्रविण म्हणाला. "हे सायन्स आहे."

"साहेब, पाकिटावर काय लिवलंय तेवढं वाचून सांगा. मागल्या बाजूला. लई बारीक हाय, आन इंग्रजीत हाय."

प्रविणनं पाकीट उलटं केलं, डोळे बारीक केले. मग मोबाइलनं फोटो काढून तो मोठा केला. बराच वेळ वाचत राहिला. सिंधू त्याच्या तोंडाकडं पाहत होती, शहादेव जमिनीकडं.

"क्लोरीनच्या पाण्यात वापरू नये," प्रविण शेवटी म्हणाला. "हे तर लिहिलेलंच आहे."

"मंग तुमी सांगितलं कावून न्हाई?"

"लिहिलेलं असताना सांगायचं कशाला?"

"आमाला वाचता येतंय का ते?"

"तो मॅनेजमेंटचा भाग झाला."

शहादेवानं पाकीट परत हातात घेतलं. "बरं साहेब. मंग आता गोळी बंद करतो. गोल्ड तेवढं देतो."

"गोळी बंद करता येत नाही."

"कावून?"

प्रविणनं ॲप उघडून खरोखरच शोधलं. हे त्याचं मान्य करायला पाहिजे. "इथं 'बंद' असा पर्याय नाही. फोटो नाही गेला की लाल खूण पडणार."

"मंग गोल्ड बंद करू?"

"ते तर नवीन आहे! ते वरून आलंय. त्याचं टार्गेट आहे मला."

"म्हणजे दोन्ही टाकायचं."

"दोन्ही टाक. मी वर विचारतो. बघू."

बुटांवरच्या निळ्या पिशव्या काढून त्यानं त्या शहादेवाच्या हातात दिल्या, कचऱ्यात टाकायला, आणि गाडीला किक मारली. पंधरा कोंबड्या गेल्या होत्या त्या दिवशी. एवढ्या कधीच गेल्या नव्हत्या.

सिंधूनं त्या निळ्या पिशव्या नवऱ्याच्या हातातून घेतल्या, टाकून दिल्या आणि घरातून प्लास्टिकची एक स्वच्छ, पातळ पन्नी आणली. "गोळी हिच्यात घाला. गाठ मारा घट्ट. सुतळी बांधा. पाण्यात सोडा, फोटो काढा, वर वढा."

"खोटं करायचं?"

"गोळी खरी हाय. पाणी खरं हाय. फोटोबी खरा हाय. खोटं काय हाय त्याच्यात?"

पहिल्या दिवशी फोटो दोनदा हलला. तिसऱ्यांदा निघाला. पन्नी पाण्यात दिसतसुद्धा नव्हती. हिरवी खूण पडली. तो शिडीवरून खाली उतरला तेव्हा त्याच्या अंगाला घाम होता, जणू उसाची अख्खी गाडी भरली.

त्यापुढं रोज तीच गोळी पाण्यात उतरायची आणि कोरडी वर यायची. साडेसहाला गोल्ड, खरंखुरं. चौथ्या दिवशी शहादेवानं सवयीनं शिट उचलून चोळली आणि तसाच थांबला. परत चोळली. "सिंधू," तो म्हणाला, "इकडं ये." ती आली, तिनं पाहिली आणि पुढच्या ढेपळावर खुरपं मारलं. पण त्या दिवशी तिनं भाकरीबरोबर लसणाची चटणी केली.

तूस वाळायला लागलं. डोळ्यांची आग कमी झाली. मागं राहिलेल्या धाकट्या कोंबड्या भांड्यापर्यंत पोचायला लागल्या. पण मधले दिवस गेले ते गेलेच होते. शहादेव रोज एक कोंबडी उचलून हातानं तोलायचा आणि सिंधूला विचारायचा, "होतेत का गं दोन किलो?" ती म्हणायची, "मी काय काटा हाय का?" आणि मग स्वतःही एक उचलून पाहायची.

भागवत परत आला. "काय ठरलं?"

"दोन दिस थांबा."

"दोन दिसांनी मी टोळी बंद करायलो. मंग म्हणू नको."

*

एकेचाळिसाव्या दिवशी पक्षी उचलायची गाडी आली. क्रेट भरले जात होते, काट्यावर चढत होते, आणि शहादेव काट्याजवळ हात मागं बांधून उभा होता. त्यानं त्या काट्याकडं जेवढ्या भक्तीनं पाहिलं तेवढ्या भक्तीनं आयुष्यात कशाकडं पाहिलं नव्हतं. शेवटी प्रविणनं मोबाइलवर भागाकार केला.

"दोन किलो साठ ग्रॅम."

शहादेवानं परत विचारलं. प्रविणनं परत सांगितलं. सिंधू शेडच्या खांबाला टेकून खाली बसली. त्यानं तिथूनच भागवतला फोन लावला आणि म्हणाला, "मुकादम, आमी न्हाई यायलो." भागवत म्हणाला, बरं, मग लिंबागणेशची एक जोडी आहे, ती धरतो.

प्रविणच्या मागं एक पांढरी गाडी थांबली होती. तिच्यातून पुण्याच्या मॅनेजर धनश्री मॅडम उतरल्या. मधल्या दिवसांत एवढं खालावलेलं शेड वर आलं, हे कंपनीच्या कुठल्याशा तक्त्यात त्यांना दिसलं होतं.

"शहादेवराव, अभिनंदन!" प्रविण म्हणाला. आजवर त्यानं 'राव' लावलं नव्हतं. "मॅडमना व्हिडिओ करायचाय. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायला. तुम्ही फक्त सांगायचं, रोज सहाला गोळी टाकली, साडेसहाला गोल्ड टाकलं, आणि असा फरक पडला."

शहादेवानं त्याला बाजूला घेतलं. "साहेब, तुमाला तर म्हाईत हाय..."

"मला काय माहीत आहे?" प्रविणनं शांतपणे विचारलं. "माझ्याकडं रोजचे फोटो आहेत. दोन्हीचे. तुमचे फोटो खोटे आहेत का? तसं असेल तर मॅडम इथंच आहेत, आत्ता सांगू. पुढच्या पिल्लांचं मग त्याच ठरवतील."

शहादेव परत येऊन उभा राहिला. त्याच्यामागं खाद्याच्या खोलीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. मॅडम म्हणाल्या, पार्श्वभूमी साधी हवी, जरा इकडं सरका. तो सरकला. वहिनींना मागं उभं करा, पदर घ्या म्हणावं. सिंधूनं पदर घेतला.

पहिल्यांदा तो म्हणाला, "गोळी पाण्यात... सोडली." मॅडम म्हणाल्या, 'सोडली' नको, 'टाकली' म्हणा. दुसऱ्यांदा गाडीवाल्यानं हॉर्न दिला. तिसऱ्यांदा तो गोल्ड आधी म्हणाला आणि गोळी मागून. चौथ्यांदा त्यानं सगळं म्हटलं. रोज गोळी, रोज गोल्ड. "एकदम नॅचरल," मॅडम म्हणाल्या. सिंधू त्या सगळ्या वेळात जमिनीकडं पाहत होती. मॅडमना तेही नॅचरल वाटलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ ग्रुपवर आला. खाली अंगठेच अंगठे. शहादेवाला जेवण गेलं नाही. जिल्ह्यातली एवढी माणसं, आणि आता ती सगळी त्याचं ऐकून कोंबड्यांना मढी पाजणार. दुपारपर्यंत त्यानं धीर धरला. मग ठरवलं, निदान जवळच्या माणसाला तरी खरं सांगावं. त्यानं आसारामला फोन लावला आणि पन्नीपासून सगळं सांगून टाकलं.

आसारामनं पलीकडं सुपारी थुंकली.

"म्हणजे बे," आसाराम म्हणाला, "त्याच्या आदुगर तू टाकीत खरीच गोळी टाकायचास?"

"मंग? रोज. सहाला."

आसाराम हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. त्यानं फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगितलं, आणि ते कुणीतरीही हसलं. "आरं शहाद्या, गोल्ड आलं तवाच सगळ्यांनी गोळी बंद केली. पाकीट माझ्या पोरीनं वाचलं, तिनंच सांगितलं. मी बकेटीत गोळी टाकतो, फोटो काढतो, बकेट मोरीत वततो. प्रविणला काय म्हाईत न्हाई का? माझ्या पोरीनं वाचलं तवा तो पोहेच खात बसल्याला."

"मला कावून न्हाई कुणी सांगितलं?"

"तू विचारलंस का?" आसाराम म्हणाला. "आमाला वाटलं, तुला म्हाईत आसंल."

शहादेवानं फोन ठेवला. सिंधूनं विचारलं, "काय म्हणले?"

"काय न्हाई. सगळ्यांचं आसंच चालू हाय म्हणला."

"मंग आठ दिस खरी गोळी..."

"मीच टाकली," शहादेव म्हणाला. "पुऱ्या जिल्ह्यात मीच एकटा."

*

पंधरा दिवस त्यांनी शेड धुतलं, चुना मारला, नवं तूस पसरलं. पिल्लं यायच्या आदल्या दिवशी प्रविण एका माणसाला घेऊन आला. त्या माणसानं लोखंडी पट्टीला भोकं पाडून टाकीच्या वर एक कॅमेरा बसवला. पांढरा, नारळाएवढा, एक लाल दिवा असलेला.

"जिल्ह्यातलं पहिलं आदर्श शेड," प्रविण म्हणाला. "लाइव्ह. मॅडम पुण्यात बसून बघतील. आता फोटोची कटकट नाही. रोज सहाला गोळी, साडेसहाला गोल्ड. लोकांना दाखवायचंय."

"साहेब, पाकिटावर लिवलंय ना, ह्या पाण्यात वापरू नका म्हणून."

"ते जुन्या पाकिटावर." प्रविणनं नवं पाकीट पुढं केलं. कोंबडा तोच, स्नायू थोडे वाढले होते. "नव्यावर ती ओळ नाही. तुमचा व्हिडिओ बघितल्यावर वरच्यांनी काढून टाकली."

शहादेवानं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. ते त्याला वाचता येत नव्हतं, तरी पाहिलं. मग शिडीकडं, टाकीकडं, लाल दिव्याकडं. बोअरचा पाइप वरून टाकीत उतरत होता, टाकीतून नळ निघत होता, आणि पाइपाचा सांधा न् सांधा त्या डोळ्यापुढं होता. दुसरा पाइप जोडायला हात वर केला असता तर पुण्यात दिसला असता. भागवतची टोळी परवाच कारखान्याला गेली होती.

पहाटे पिल्लं आली. पिवळी, ओंजळीत मावतील एवढी, शंभर-शंभरच्या खोक्यांत. सहाला शहादेव शिडी चढला आणि टाकीत गोळी टाकली. खरी. साडेसहाला गोल्ड टाकलं. तेही खरं. खाली उतरून शेडमध्ये गेला आणि टाकीचं पाणी भांड्यांकडं सोडणारी आतली चावी बंद केली.

वळून पाहिलं तर सिंधू हापश्याकडून येत होती. डोक्यावर हांडा, एक हात वर, एक हात कमरेला. पदराची चुंबळ करून घेतलेली. हापश्याची वाट शेडच्या मागून यायची, तिकडं कॅमेऱ्याचं तोंड नव्हतं.

"ठेव ते," तो म्हणाला. "मी आणतो."

"तुमी बी आणा. तुमच्या एकट्याच्यानं व्हायचं न्हाई."

"डॉक्टरीण काय म्हणलीती?"

"ती काय म्हणली ते लिवून हाय माझ्याकडं," सिंधू म्हणाली. तिनं हांडा त्याच्या हातात दिला आणि रिकामा घेऊन फिरली.

त्यानं पाण्यात गोल्डची चिमूट कालवली आणि गुडघ्यावर बसून पिल्लांची भांडी एकेक करून भरली. पिल्लं चोची बुडवून माना वर करत होती. मग तोही हांडा घेऊन हापश्याकडं निघाला. वाटेत ती त्याला भरलेला घेऊन समोरून भेटली. दोघं एकमेकांना वाट देऊन पुढं गेले.

पिल्लं अजून लहान होती. सध्या आठ हांड्यांत भागत होतं.